मदतीची खिडकी: गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरमधलं 'हेल्प' नवं करायचं म्हणजे काय?



विषयाचं नाव जरा अवजड झालंय, तेव्हा आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी दोन दिवसांची कार्यशाळा घेत होतो. गणिताचं एक मुक्त सॉफ्टवेअर शिकवायचं होतं. दुपारी फळ्यावर दोन समीकरणं लिहिली: दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर १३, आणि एक्स अधिक चार वाय बरोबर १४. मुलांना म्हटलं, हे संगणकाकडून सोडवून घ्या. कसं ते मी सांगणार नाही, 'हेल्प'मध्ये शोधा.

शेवटच्या रांगेत एक मुलगी होती, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिने वहीत उदाहरण केव्हाच सोडवून टाकलं होतं. निश्चयक ५, एक्ससाठीचा निश्चयक १०, वायसाठीचा १५, म्हणून एक्स २ आणि वाय ३. एकदम बरोबर. पण स्क्रीनवर अर्धा तास झाला तरी काही नाही. जवळ जाऊन पाहिलं, तर शोधाच्या चौकटीत तिने 'निश्चयक' असं टाइप केलं होतं आणि खाली एकही निकाल नव्हता. मला म्हणाली, "सर, या सॉफ्टवेअरमध्ये निश्चयक नसतोच का?"

आता बघा, निश्चयक त्यात होता. तीन अक्षरी आज्ञा आहे त्याची, 'डेट'. 'डिटर्मिनंट'चं लघुरूप. गणित तिला येत होतं, सॉफ्टवेअरलाही येत होतं. दोघांची गाठ घालून द्यायचं काम ज्या खिडकीचं, ती खिडकीच बंद होती. आज आपण त्या खिडकीबद्दल बोलणार आहोत.

आधी ही सॉफ्टवेअर कुठली ते थोडक्यात. ऑक्टेव्ह हे त्यातलं एक. जॉन ईटन यांनी १९९२मध्ये त्यावर पूर्णवेळ काम सुरू केलं आणि १९९४मध्ये पहिली आवृत्ती आली. मूळ हेतू होता रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अणुभट्टी नव्हे, साध्या रासायनिक भट्टीची, म्हणजे रिअॅक्टरची, गणितं करता यावीत हा. नावसुद्धा ईटन यांच्या एका प्राध्यापकांचं आहे, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील. हे गृहस्थ कागदाच्या तुकड्यावर झटपट अंदाजी गणित करण्यासाठी प्रसिद्ध होते. दुसरं सायलॅब, फ्रान्समधल्या सरकारी संशोधन संस्थेत जन्मलेलं. तिसरं मॅक्सिमा. त्याचं मूळ एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या मॅक्सिमा नावाच्याच एका पूर्वजात आहे. स्पेलिंग वेगळं, त्याला 'मॅकसिमा' म्हणू. ही सगळी फुकट मिळतात हे तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचा आतला मजकूर उघडा आहे. तुम्हाला त्यात बदल करता येतो. आजच्या विषयात हाच मुद्दा पुढे कामी येणार आहे.

आपल्याकडे या कामाला मोठा हातभार लागला तो आयआयटी मुंबईमुळे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून तिथे 'फॉसी' आणि 'स्पोकन ट्युटोरियल' हे प्रकल्प उभे राहिले, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीतून. फॉसीने देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांमधली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवून घेतली, त्यांना मानधन दिलं, आणि ती सगळ्यांसाठी खुली केली. म्हणजे पुस्तकातलं उदाहरण आणि त्याची चालणारी आज्ञावली शेजारी शेजारी. हे मदतीचंच एक रूप आहे, फक्त सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवलेलं.

आता आतली मदत. ती मुळात कशी असते? जुन्या पद्धतीत काळ्या पडद्यावर तुम्ही 'हेल्प' लिहायचं, पुढे आज्ञेचं नाव लिहायचं, की माहिती समोर येते. अट एकच: नाव आधीच माहीत हवं! म्हणजे शब्दकोशात शब्द सापडतो, पण स्पेलिंग येत असेल तरच. नाव माहीत नसेल तर ऑक्टेव्हमध्ये 'लुकफॉर' आहे, सायलॅबमध्ये 'अॅप्रोपो' आहे, मॅक्सिमात दोन प्रश्नचिन्हं देऊन अर्धवट शब्द लिहिता येतो. पण ऑक्टेव्हचं लुकफॉर, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक आज्ञेच्या माहितीतलं पहिलंच वाक्य तपासतं. त्या वाक्यात तुमचा शब्द नसेल तर हाती काही लागत नाही.

पुढे खिडक्या आल्या. ऑक्टेव्हमध्ये २०१५च्या चौथ्या आवृत्तीपासून खिडक्या-बटणांचं रूप हेच नेहमीचं रूप झालं. त्यात मदतीची एक वेगळी खिडकी असते: अनुक्रमणिका, आज्ञांची सूची, शोध, खुणा. सायलॅबनेही अशी खिडकी केली, जावाहेल्प नावाच्या तयार साधनावर. दिसायला छान. मग आधुनिकीकरणाची गरज का पडावी?

कारण या खिडकीला तीन थर असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वेगाने जुने होतात. घराचं उदाहरण घ्या. भिंती पन्नास वर्षं टिकतात, वायरिंग वीस वर्षांत बदलावं लागतं, रंग पाच वर्षांत. मदतीच्या खिडकीत भिंत म्हणजे मजकूर, वायरिंग म्हणजे तो मजकूर पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि रंग म्हणजे बाहेरचं रूप.

मजकूर टिकाऊ असतो. ऑक्टेव्हचं सगळं माहितीपत्र टेक्सइन्फो नावाच्या पद्धतीत लिहिलेलं आहे. एकदा लिहायचं, आणि त्यातूनच छापायचं पुस्तक, वेबपान, पडद्यावरची मदत असं सगळं काढायचं. गंमत म्हणजे प्रत्येक आज्ञेची माहिती त्या आज्ञेच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असते. दुकानदार बरणीवरच चिठ्ठी चिकटवतो, वेगळ्या वहीत लिहून ठेवत नाही, तसं. त्यामुळे आज्ञा बदलली की चिठ्ठी समोरच दिसते, विसरायला होत नाही.

घोळ होतो वायरिंगचा. जावाहेल्पच्या पोटात पान दाखवणारं जे यंत्र आहे, त्याला एचटीएमएल ३.२ एवढंच समजतं, म्हणजे १९९७ सालचा नियम. आज शाळकरी पोरगाही जे वेबपान बनवतो ते त्याला नीट दाखवता येत नाही. मग गणिताची सूत्रं? ती चित्र म्हणून चिकटवावी लागतात. चित्र मोठं केलं की फाटतं, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन दिसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्याला दिसत नाही, जो स्क्रीन रीडरवर ऐकून अभ्यास करतो, त्याच्यासाठी तिथे काहीच नसतं. अंध विद्यार्थ्याला सूत्राऐवजी ऐकू येतं 'इमेज'. गणिताच्या पुस्तकात सूत्रच गायब, मग राहिलं काय?

ऑक्टेव्हने क्यूटी नावाच्या साधनसंचाचा रस्ता धरला. त्यातला पान दाखवणारा घटक हलका आहे, पण त्यालाही एचटीएमएलचा थोडाच भाग कळतो. मग पूर्ण ब्राउझरच आत का बसवू नये? बसवता येतो. पण इतिहास बघा. क्यूटीमध्ये आधी वेबकिट नावाचं ब्राउझरचं इंजिन होतं. अनेकांनी त्यावर आपापली मदत उभी केली. २०१६मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीतून ते काढून टाकलं गेलं, आणि सगळ्यांना पुन्हा वायरिंग करावं लागलं. त्याच्या जागी जे आलं ते क्रोमच्या जातीचं इंजिन, शंभर एमबीच्या पुढचं, आणि सुरक्षेसाठी सतत ताजं ठेवावं लागणारं. निश्चयक म्हणजे काय हे सांगायला एवढा हत्ती पोसायचा का, असा तो प्रश्न आहे.

तिसरा रस्ता सगळ्यात सोपा दिसतो. मदतीची खिडकीच काढून टाका, सगळं इंटरनेटवर ठेवा, बटण दाबलं की ब्राउझर उघडेल. पुण्या-बंगळुरात बसून हे पटतं. पण आष्टी-कारंज्याकडच्या किंवा समुद्रपूरच्या एखाद्या लॅबची कल्पना करा. तीस संगणक, एकच जोडणी, आणि ऐन प्रात्यक्षिकाच्या वेळी ती गेली. सॉफ्टवेअर चालू आहे, मदत मात्र गायब. परीक्षेच्या लॅबमध्ये तर नेट मुद्दामच बंद ठेवतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मदत सॉफ्टवेअरबरोबर, त्याच मशीनवर असली पाहिजे.

यावर मधला मार्ग आहे, आणि आता तो पूर्वीपेक्षा सोपा झालाय. पानं मशीनवरच साठवायची, पण दाखवायची संगणकात आधीपासून असलेल्या ब्राउझरमध्ये. सूत्रांसाठी मॅथएमएल वापरायचं. ही सूत्रं लिहिण्याची प्रमाण पद्धत. फायरफॉक्सला ती कधीपासून समजत होती, क्रोमला जानेवारी २०२३मध्ये आलेल्या १०९व्या आवृत्तीपासून समजू लागली. त्यामुळे चित्रं नकोत, नेट नको, आणि स्क्रीन रीडरला सूत्र वाचता येण्याची सोय होते. सॉफ्टवेअरच्या आत मग फक्त एक हलकी खिडकी ठेवायची: शोध, सूची, आणि चार ओळींची ओळख.

हे झालं वायरिंग. पण त्या मुलीचा प्रश्न याने सुटला का? नाही. पान कितीही सुंदर दिसलं तरी ती त्या पानापर्यंत पोचलीच नव्हती. म्हणजे खरा प्रश्न शोधाचा आहे.

शोध कसा चालतो ते जरा खोलात बघू. संगणक आधी सगळ्या मजकुराचे शब्द सुटे करतो आणि सूची बनवतो. शब्द कुठे संपला हे त्याला कसं कळतं? एसक्यूलाइट नावाचं एक छोटं, फार वापरलं जाणारं साधन आहे, क्यूटीच्या मदत-यंत्रणेतही मजकूर शोधायला तेच आहे. त्याचा नेहमीचा नियम असा: अक्षर आणि अंक म्हणजे शब्दाचा भाग, बाकी सगळं म्हणजे शब्दाचा शेवट. इंग्रजीला हे ठीक आहे. पण युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची गणना 'अक्षर' या वर्गात होत नाही, 'चिन्ह' या वर्गात होते. त्यामुळे या नियमाने 'निश्चयक'चे तुकडे पडतात: 'न', 'श', 'चयक'. आणि 'मूळ', 'माळ', 'मेळ', 'मोळी' या चारही शब्दांचे तुकडे एकच: 'म' आणि 'ळ'! मूळ शोधणाऱ्याला फुलांच्या माळा सापडतील. (हशा) हसताय, पण उपाय सोपा आहे. कुठले वर्ग शब्दात धरायचे हे त्या साधनाला सांगता येतं, एका ओळीची सुधारणा आहे. फक्त ती कुणीतरी मागायला हवी. ज्याला त्रास होतो तो मागत नाही, आणि ज्याला मागता येतं त्याला त्रास होत नाही.

दुसरी अडचण, एकच शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. 'अॅरे' लिहिताना कुणाचा कीबोर्ड 'अ'वर चंद्र ठेवतो, म्हणजे दोन चिन्हं. कुणाचा कीबोर्ड 'ॲ' हे एकच जोड अक्षर देतो, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला पूर्ण वेगळी. युनिकोडचे नियमसुद्धा त्यांना समान मानत नाहीत. तेव्हा शोधाआधी दोन्ही एका रूपात आणणं हे आपलं काम.

तिसरी अडचण आपल्या भाषेच्या स्वभावात आहे. इंग्रजी शोधयंत्राला 'डिटर्मिनंट्स'मधला शेवटचा 'एस' काढता येतो. मराठीत 'निश्चयक'चं 'निश्चयकाची' होतं, 'वर्गमूळ'चं 'वर्गमुळाने' होतं. नुसता प्रत्यय जोडला जात नाही, शब्दाच्या आतली दीर्घ मात्रा ऱ्हस्व होते. इथे इंग्रजीची कात्री चालत नाही.

चौथी अडचण सगळ्यांनाच आहे, इंग्रजी माध्यमवाल्यांनाही. ती दोन समीकरणं ऑक्टेव्हमध्ये सोडवायला निश्चयकाची गरजसुद्धा नाही. उलटी तिरपी रेघ दिली की उत्तर येतं. पण रेघ शोधायची कशी? तिचं अधिकृत नाव आहे 'एमएलडिव्हाइड', मॅट्रिक्सचा डावीकडून भागाकार. कुठला विद्यार्थी हे नाव घेऊन शोधायला जाईल? तो शोधेल 'एकसामयिक समीकरणे', किंवा फार तर त्याचं इंग्रजी. म्हणजे सूची बनवताना आज्ञेचं नाव पुरत नाही. माणूस प्रश्न कुठल्या शब्दांत विचारतो, ते शब्द सूचीत हवेत.

आणि याची सोय आधीपासून आहे. टेक्सइन्फोमध्ये संकल्पनांची वेगळी सूची करता येते. क्यूटीच्या मदत-यंत्रणेत एका पानाला हवे तेवढे सूचक शब्द जोडता येतात. त्याच 'डेट'च्या पानाला 'निश्चयक' हा शब्द जोडा, उलट्या रेघेच्या पानाला 'एकसामयिक समीकरणे' आणि 'क्रेमर' जोडा, 'वर्गसमीकरण' मुळं काढणाऱ्या 'रूट्स'च्या पानाला जोडा. पानाचं भाषांतर केलं नाही तरी चालेल. त्या मुलीला पान सापडलं असतं, आणि पुढचं इंग्रजी तिने उदाहरण बघून उलगडलं असतं. दार मराठीत असलं तर आतलं सामान ओळखता येतं.

हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण आपण लगेच 'सगळं मराठीत करू' म्हणून उठतो. ऑक्टेव्हचं पुस्तक हजाराहून अधिक पानांचं आहे. समजा पाच वर्षं राबून भाषांतर केलं, तोवर मूळ बदललेलं असेल. आणि जुनं, चुकीचं झालेलं भाषांतर हे नसलेल्या भाषांतरापेक्षा घातक. स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी इथे शहाणपणाचा मार्ग काढला. दहा मिनिटांच्या आसपासची चित्रफीत, पडद्यावर सगळं इंग्रजीच, बोलणं मात्र मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत. विद्यार्थी समजून घेतो आपल्या भाषेत, आणि हाताला सवय लागते ती नोकरीत भेटणाऱ्या इंग्रजी पडद्याची. शिवाय बघता बघता शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचं.

करून पाहणं, हा मुद्दा वर्ध्यात बोलताना टाळता येणार नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला याच गावात शिक्षण परिषद भरली. त्यातल्या ठरावांत दोन गोष्टी होत्या: शिक्षण मातृभाषेतून द्या, आणि ते हाताच्या कामाभोवती गुंफा. त्यातून नई तालीम उभी राहिली. टकळीवर सूत काततानाच गणित शिकायचं. आता मदतीच्या पानावरचं उदाहरण बघा. बहुतेक ठिकाणी कुठले तरी कोरडे आकडे. आपल्याकडचं उदाहरण का नसावं? सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० नंबरचं सूत म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक होतं. यावर आलेख काढा, समीकरण बसवा. हिंगणघाटच्या पोराला यातलं काय समजावून सांगावं लागेल?

सायलॅबच्या मदतीत एक फार चांगली सोय आहे: उदाहरणाशेजारीच ते चालवून बघण्याचं बटण. वाचा, दाबा, उत्तर बघा, आकडा बदला, पुन्हा दाबा. नव्या खिडकीत ही सोय हवीच. तिच्या जोडीला आणखी एक हवी: चूक झाली की तिथूनच मदत. तुम्ही निश्चयक शून्य असलेली समीकरणं दिली तर ऑक्टेव्ह इशारा देतं की मॅट्रिक्स यंत्राच्या अचूकतेपुरती 'सिंग्युलर' आहे. विद्यार्थी घाबरतो. त्या इशाऱ्यावर बोट ठेवलं की पान उघडावं आणि तिथे लिहिलेलं असावं: निश्चयक शून्य आला, म्हणजे या समीकरणांना एकमेव उत्तर नाही; दोन्ही रेषा समांतर आहेत का किंवा एकच आहेत का ते तपासा. हे त्याने दहावीत शिकलेलंच आहे. माणूस मदत मागायला जातो तो बहुधा चुकल्यावरच. मग मदत तिथे उभी असायला नको?

शेवटी, आपण काय करायचं? या कामाला मोठा निधी लागत नाही. नववी ते बारावीच्या गणितातले दोनशे शब्द घ्या. प्रत्येकासमोर तीन रकाने: आपला पाठ्यपुस्तकातला शब्द, इंग्रजी शब्द, सॉफ्टवेअरमधली आज्ञा. शिक्षकांनी तपासा, कारण पाठ्यपुस्तकातला शब्द आणि कोशातला शब्द प्रत्येक वेळी एकच असेल असं नाही, आणि मूल शोधणार ते पुस्तकातलाच. रोमन लिपीत मुलं तो शब्द कसा टाइप करतात, तेही एका रकान्यात लिहा. संगणक शाखेच्या मुलांनी ती यादी मदतीच्या सूचीत बसवा, मात्रांवर शब्द तुटतोय का ते तपासा, आणि सुधारणा मूळ प्रकल्पाकडे पाठवा. मुक्त सॉफ्टवेअर आहे, दार उघडं आहे. तिथली माणसं बहुतेक स्वयंसेवक आहेत. 'तुमचं सॉफ्टवेअर मराठीला वाईट' असं लिहिलं तर ती काही करू शकत नाहीत. 'हा शब्द, हा कीबोर्ड, हा निकाल यायला हवा होता, हा आला' असं लिहिलं तर करू शकतात.

त्या मुलीचं पुढे काय झालं विचाराल, तर मी तिला 'डेट' सांगितलं आणि पुढच्या रांगेकडे वळलो. संध्याकाळी निघताना तिने वही दाखवली. मागच्या पानावर तिने यादी सुरू केली होती: निश्चयक, डेट. वर्गमूळ, एसक्यूआरटी. बेरीज, सम. अकरा शब्द होते. बाकीचे एकशे एकोणनव्वद आपण मिळून पुरे करू.

आता प्रश्न घेऊ या.